हवालदार कलावतीबाई आणि वाळवलेली चिंधी

कलावतीबाई गमरे यांनी ते भांडण ऐकलं तेव्हा त्यांच्या मांडीवर एका माणसाचा रक्ताळलेला सदरा होता. सदरा कागदात, कागद कापडात, कापडाला बारीक टाका, टाक्यावर लाखेचं सील आणि सगळ्यावर कलावतीबाईंचे दोन्ही हात. साल असेल दोन हजार नऊ. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्या पावतीची वाट बघत होत्या, आणि आतल्या खोलीत बहीणभाऊ भांडत होते.

बहीण म्हणजे नीरजा मॅडम. पोलिसांकडून आलेले डाग, राख, माती, काय असेल ते तपासून लेखी सांगायचं हे त्यांचं काम. भाऊ प्रफुल्ल कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकवायचा. ताई घरी चष्मा विसरली म्हणून तो द्यायला आलेला. चष्मा ठेवून गेला असता तर काही झालं नसतं, पण त्यानं टेबलावरचा पेपर उचलला, त्यात कुठल्याशा चाकूहल्ल्याची बातमी, आणि दोघांची जुंपली.

"तुमचं शास्त्र म्हणजे चहाच्या टपरीवरच्या गप्पा," मॅडम म्हणाल्या. "पोरगा वाया का गेला, तर बाप दारू प्यायचा. अरे, पण चाकूवरचं रक्त कुणाचं, ते सांग की!"

"ते तू सांग. तुला त्याचाच पगार आहे. मी विचारतो, त्याच नाक्यावर तीन वर्षांत पाच वेळा चाकू का निघाला? दिसतं हे तुझ्या दुर्बिणीतून?"

"सूक्ष्मदर्शक म्हणतात त्याला. दुर्बिणीतून चंद्र बघतात."

"तेच म्हणतो, ताई. तुला जवळचं फार बारीक दिसतं. दोन पावलं मागं सरकलीस तर रस्ता पण दिसेल."

"आणि तुला रस्ता दिसतो, वस्ती दिसते, सगळा समाज दिसतो. फक्त ज्यानं केलं तो माणूस तेवढा दिसत नाही!"

तेवढ्यात प्रफुल्लचं लक्ष बाहेर गेलं. "हवालदारबाईंना विचार. त्यांनी दोन्ही बघितलंय. बाई, तुम्ही सांगा, आमच्यात बरोबर कोण?"

कलावतीबाई उभ्या राहिल्या, पुडकं तसंच छातीशी. "सर, मला पावती मिळाली तर बरं होईल. एका पायाला मुंग्या आल्यात."

मॅडम हसल्या आणि पावतीवर सही झाली. पण कलावतीबाईंनी ते भांडण घरी नेलं. कळव्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा भिवा कोलशेतला रंगाच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद पडला, पण नाकातला वास काही गेला नाही, असं तोच म्हणायचा. भाकरी थापता थापता बाईंनी त्याला समजावलं.

"म्हणजे बघा, आपल्याकडं दूध उतू गेलं. नीरजा मॅडम येऊन काय सांगणार? दूध म्हशीचं, जाळ मोठा, पातेलं लहान, आणि उतू गेलं ते सात वाजून दहा मिनिटांनी. एकदम पक्कं. प्रफुल्ल सर येऊन पातेल्याकडं बघणारसुद्धा नाहीत. ते विचारणार, सात वाजता या घरातली बाई असते कुठं? आणि शेजारच्या चार घरांत पण दूध सातलाच का उतू जातं?"

"का जातं?"

"नळाला पाणी सातला येतं म्हणून!"

भिवानं जरा विचार केला. "आणि ओटा पुसायचा कोणी, ते कुठलं शास्त्र सांगतं?"

"ते तुम्ही पुसायचा."

अशी ही बाई. मूळची मंडणगडाकडची. दहावी झाली, सव्विसाव्या वर्षी पोलिसात भरती झाली. घरात पहिली नोकरी तिचीच. भरतीच्या मैदानावर धावायला बूट नव्हते, तर भावाचे मोठे बूट घालून पुढं चिंध्या कोंबून धावली आणि पास झाली. पुढं डोंबिवलीच्या एका पोलीस ठाण्यात आली. ठाण्याचं नाव इथं घालायचं कारण नाही. तिथंच हवालदार झाली आणि तिथंच मुद्देमाल खोलीची किल्ली तिच्याकडं आली.

मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेलं सामान. लोकांना पोलीस म्हटलं की काठी आणि शिट्टी आठवते. कलावतीबाईंची पोलिसगिरी म्हणजे एक अंधारी खोली, चार मांडण्या, एक जाडजूड रजिस्टर, सुई-दोरा, लाखेची कांडी आणि मेणबत्ती. कोणाचा कोयता, कोणाची ओढणी, कोणाच्या अंगावरचा शर्ट. त्यातलं जे तपासायला पाठवायचं ते नीट बांधून प्रयोगशाळेत पोचवायचं आणि पावती आणायची. बाकीचे शिपाई हे काम टाळायचे. त्यात बढती नाही की फोटो नाही.

कलावतीबाईंनी मात्र त्यात जीव घातला. एका म्हाताऱ्या हवालदारानं पहिल्याच आठवड्यात त्यांना शिकवलेलं, "पोरी, ओलं काही बांधायचं नाही. रक्ताचा कपडा ओला बांधलास की आत कुजतो, आणि कुजलेल्या रक्ताला बोलता येत नाही." तेव्हापासून ठाण्याच्या मागच्या पडवीत बाईंची एक दोरी होती. त्या दोरीवर दुसरं काही वाळत घालायची कोणाची छाती नव्हती. एका नव्या शिपायानं एकदा बनियन टाकलं, तर बाईंनी त्याला विचारलं, "गुन्हा नंबर काय याचा?" कपडा सावलीत वाळवायचा, घडीत कागद घालायचा, कागदावर कागद, मग कापड, मग सील. पुडकं घेऊन निघालं की वाटेत चहा नाही, गप्पा नाहीत. प्रयोगशाळेचा रस्ता कळव्यावरून जातो, पण मांडीवर पुडकं असताना त्या कधी स्वतःच्या घराच्या बाजूला वळल्या नाहीत. एकदा भिवा नाक्यावर भेटला, हाक मारली, तर यांनी ओळखसुद्धा दिली नाही. रात्री तो म्हणाला, "आज मला आमची बायको दिसली, पण ड्यूटीवर होती."

बत्तीस वर्षांत त्यांचं एकही पुडकं सील तुटलं म्हणून परत आलं नाही. प्रयोगशाळेतली माणसं टाका बघून ओळखायची की हे डोंबिवलीच्या गमरेबाईंचं.

निवृत्तीला सात महिने राहिले आणि तेव्हा ते गाड्यांचं प्रकरण आलं.

डोंबिवलीत पूर्वेला एक चार मजल्यांची सोसायटी. पार्किंगमधल्या सहा मोटारसायकली एका रात्रीत जळाल्या. माणूस कोणी भाजला नाही एवढंच नशीब. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोलिसांनी सुशांतला धरलं. सुशांत आंबिवलीचा, चोवीस वर्षांचा, पेट्रोल पंपावर कामाला. त्याचा एक मित्र त्या सोसायटीत राहायचा. आगीच्या आदल्या दिवशी यानं आपली गाडी आत लावली, वॉचमननं टायरची हवा काढली, आणि हा गडी तीन माणसांसमोर ओरडला, "एकेकाची गाडी पेटवून देईन!" झालं. धमकी दिलेली, आणि अंगातल्या शर्टाला पेट्रोलचा वास.

तपास करणारे फौजदार भोईर मूळचे इथल्याच गावातले. माणूस वाईट नव्हता. पण सहा गाड्यांचे सहा मालक रोज येऊन टेबलासमोर उभे राहायचे, पेपरात फोटो आलेला, आणि आरोपी मिळालाच होता, तर आणखी शोधायचं काय?

मुद्देमाल खोलीत तीन वस्तू आल्या. एक, सुशांतचा शर्ट, एका प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून. दोन, जळक्या गाड्यांजवळ सापडलेली अर्धवट जळलेली चिंधी, ओलसर. तीन, तिथल्याच कोपऱ्यातली पाण्याची प्लास्टिकची बाटली, झाकण घट्ट, तळाशी दोन बोटं पाणी. बाटलीला पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि सील होतं, पण पाण्याचं काय तपासायचं, म्हणून ती पाठवायच्या यादीत नव्हती.

शर्टाची पिशवी आगीच्या ठिकाणाहून नव्हे, थेट कोठडीतून आलेली. साहेबांनी घाईनं वर कापड शिवायला सांगितलं, तसं बाईंनी केलं. चिंधी मात्र ओली होती. आणि ओलं काही बांधायचं नाही. बाईंनी ती नेहमीसारखी मागच्या पडवीत सावलीला टाकली. दोन दिवस छान वाळली. मग कागद, कापड, टाका, सील. पोचवली, पावती आणली.

या दिवसांत ठाण्याच्या फाटकाशी कट्ट्यावर एक बाई येऊन बसायची. सुशांतची आई, जाईबाई. पोराला कल्याणच्या तुरुंगात पाठवलेलं होतं, तरी ही इथं यायची. जिथून पोरगा नेला तिथूनच तो परत मिळेल असं तिला वाटत असावं. एका दुपारी कलावतीबाईंनी तिला पाणी दिलं.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगते," जाईबाई म्हणाली, "त्याचा शर्ट काय तपासताय? चार वर्षं त्याच्या अंगाला पेट्रोलचाच वास येतोय. मी त्याच्या उशीचे अभ्रेसुद्धा वेगळे धुते. सोयरीक घेऊन आले त्यांनी पण विचारलं, घरात गाडी ठेवता काय?"

"आणि गाड्या पेटवीन म्हणाला, ते?"

"म्हणाला असंल. तोंड आहे त्याचं घाण. परवा मला म्हणाला, डब्यात परत दोडका दिलास तर घर सोडून जाईन. गेला का?"

कलावतीबाईंना हसू आलं, पण त्यांनी आवरलं. पोलिसांनी आरोपीच्या आईसमोर हसू नये, असं त्यांचं मत होतं.

प्रकरण पेपरात गाजलेलं, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल लवकर आला. शर्टावर पेट्रोल आढळलं. चिंधीवर ज्वालाग्राही द्रव आढळला नाही. भोईरसाहेब म्हणाले, "बघा, शर्टावर पेट्रोल. दोषारोपपत्र तयार करा." कोर्टात कागद जायला अठरा दिवस राहिले होते.

कलावतीबाईंनी अहवाल रजिस्टरात चढवला आणि 'आढळला नाही' या शब्दांवर बोट ठेवून बसल्या. जळकी चिंधी. पेटवायला वापरलेली. तिच्यावर काहीच नाही?

संध्याकाळी घरी भिवा लसूण सोलत होता. त्याला त्यांनी नावगाव न घेता विचारलं, "कपड्यावर पेट्रोल ओतलं, पेटवलं, अर्धं जळलं. उरलेल्यात पेट्रोल राहतं का?"

"राहतं की. मुरलेलं असतं थोडं. लगेच डब्यात बंद केलं तर राहतं."

"आणि सावलीला वाळवलं तर?"

भिवाचा हात थांबला. "वाळत घातलंस? अगं, पेट्रोल म्हणजे काय रक्त आहे डाग धरून बसायला? आमच्याकडं थिनरच्या डब्याचं झाकण जरा सैल राहिलं तर सकाळपर्यंत डबा हलका व्हायचा. ते उडून गेलं सगळं. तुझ्या दोरीवरनं उडून गेलं."

त्या दिवशी जेवण कोणालाच गेलं नाही. भिवा दोनदा म्हणाला की मला वाटतं तसं नसेलही. पण तो उगाच बोलतोय, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरं एक पुडकं पोचवायचं होतं. पावती झाल्यावर कलावतीबाई नीरजा मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या. मॅडमचे केस आता पांढरे झाले होते. बाईंनी सरळ सांगितलं, चिंधी मी वाळवली.

मॅडमनी चष्मा काढला. "हवालदारबाई, तुम्ही?"

"मीच."

"जळितातलं सामान ओलं असेल तसं हवाबंद डब्यात घालायचं. परिपत्रक पाठवलं होतं आम्ही."

"आलं होतं मॅडम. इंग्रजीत. कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलंय. मी रोज ते दार उघडते."

मॅडमनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "त्या चिंधीतून आता काही मिळणार नाही. पण तिथं आणखी काय सापडलं? बंद झाकणाचं काही?"

"पाण्याची बाटली आहे एक."

"पाणी आहे हे कोणी ठरवलं?"

"बाटलीवर पाण्याचं नाव आहे म्हणून पंचनाम्यात पाणी लिहिलं."

"उघडू नका. हलवू नका. रीतसर पाठवा. आणि एक ऐका, मी तुम्हाला फार तर त्यात काय आहे ते सांगेन. कोणी आणि का, ते माझ्या बाटलीत येत नाही. तुमच्या साहेबांना म्हणावं, प्रफुल्लला एकदा त्या सोसायटीत नेऊन आणा. तो माझा भाऊ आहे म्हणून नाही. आहे म्हणूनच इतकी वर्षं त्याचं नाव सुचवत नव्हते."

ठाण्यात परत आल्यावर कलावतीबाईंनी एक अर्ज लिहिला. चार ओळींचा, पण तीन कागद फाटले. त्यात लिहिलं की चिंधी ओली असताना मी दोन दिवस वाळवली, त्यामुळे तिच्यावरचा द्रव उडाला असणार, म्हणून अहवालातल्या 'आढळला नाही' याचा अर्थ 'नव्हता' असा धरू नये. मुद्देमालातली बाटली तपासायला पाठवावी. खाली सही.

भोईरसाहेबांनी अर्ज वाचला, दार लावून घेतलं आणि बसा म्हणाले. बाई बसल्या नाहीत.

"गमरेबाई, पाच-सहा महिने राहिलेत तुमचे. हा कागद मी घेतला तर चौकशी लागते. किल्ली काढून घ्यावी लागते. बत्तीस वर्षांनी हे कशाला? चिंधीचं कोणी विचारलंय का?"

"कोणी नाही विचारलं, साहेब."

"मग?"

"तो पोरगा आत आहे. चिंधी बोलली असती तर त्याच्या बाजूनं बोलली असती नाहीतर विरुद्ध. मला माहीत नाही. पण तिचं तोंड मी बंद केलंय आणि कोर्टात आपण सांगणार की तिला काही सांगायचंच नव्हतं."

बाईंनी मॅडमचा प्रफुल्ल सरांबद्दलचा निरोपही सांगितला, तसे साहेब चिडले. "आणि हा प्रोफेसर? तो काय चोर पकडणार? खडू घेऊन?"

"चोर नाही पकडणार. फार तर चार प्रश्न विचारतील. आपल्याला कुठं खर्च आहे?"

भोईरसाहेबांनी अर्ज तीन दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवला. त्या तीन दिवसांत बाईंनी त्यांना एकदाही आठवण केली नाही, फक्त रोज सकाळी केबिनसमोरून जाताना काचेकडं बघायच्या. चौथ्या दिवशी साहेबांनी अर्जावर आवक नंबर टाकला. बाटली कलावतीबाईंनीच पोचवली. पावती आणली, रजिस्टरात चढवली आणि त्याच संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बाहेरच्या काउंटरवर बसवलं, हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारी लिहायला.

प्रफुल्ल सर आले ते हातात खडू नव्हे, शाळकरी वही घेऊन. भोईरसाहेबांबरोबर सोसायटीत गेले आणि गाड्या कोणी जाळल्या हे कोणालाच विचारलं नाही. वहीत पार्किंगचा नकाशा काढला. मग घरोघरी एकच विचारलं, गेल्या वर्षभरात इथं आणखी काय काय झालं? लोक आधी म्हणाले, काही नाही. मग एक जण म्हणाला, माझी सीट ब्लेडनं फाडली होती. दुसरी म्हणाली, आमच्या गाडीचं कव्हर जळालं होतं, वाटलं कोणी विडी टाकली. तिसऱ्याचा आरसा. चौथ्याच्या टाकीत साखर. कोणी तक्रार दिली नव्हती, दिली तर वेगवेगळ्या कागदावर. सरांनी सगळ्या खुणा नकाशावर केल्या, आणि भोईरसाहेब वाकून बघायला लागले. सगळ्या खुणा जिन्याजवळच्या एकाच रांगेत. आणि पहिली खूण सुशांत त्या सोसायटीत पहिल्यांदा यायच्या आठ महिने आधीची.

"म्हणजे कोण?" साहेब म्हणाले.

"ते मला नाही माहीत. नाव सांगायचं माझं काम नाही, ताई रागावेल. मी एवढंच विचारतो, या जागेवर पिवळ्या रेघा मारायच्या आधी इथं काय होतं?"

उत्तर वॉचमननं दिलं. तिथं वर्षानुवर्षं तळमजल्यावरचा एक गृहस्थ कपाटं-खुर्च्या पॉलिश करून वाळवायचा. घरचा धंदा होता त्याचा. कमिटीनं रेघा मारल्या, गाड्या लावल्या, सामान उचलायला लावलं. त्यानं अर्ज केले, ते कोणी वाचले नाहीत. तेव्हापासून तो कोणाशी बोलेनासा झाला होता. ओरडला नव्हता एकदाही.

त्याच आठवड्यात बाटलीचा अहवाल आला. पाणी नव्हतं. थिनर होतं, पॉलिशच्या कामात लागतं तसलं. पेट्रोलचा थेंब नाही. बाटलीवरचे ठसे पुसट, कोणाचे ते सांगता येत नाही, असं नीरजा मॅडमनी स्वच्छ लिहिलं होतं. त्यांना माहीत नाही ते त्या कधी लिहीत नसत.

मॅडमना तो माणूस ठाऊक नव्हता. सरांना ती बाटली ठाऊक नव्हती. दोन कागद भोईरसाहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी आले तेव्हा कुठं त्यांना तळमजल्याचं दार वाजवावंसं वाटलं. पुढं त्या गृहस्थानं काय सांगितलं, कोर्टात त्याचं काय झालं, ती त्याची गोष्ट आहे आणि ती पण सोपी नाही. सुशांत मात्र दोषारोपपत्राच्या चार दिवस आधी सुटला. कलावतीबाईंचा अर्ज कागदपत्रांत पहिल्या पानाला लावलेला होता. चिंधीवर काही नव्हतं, मग बाटलीचा आणि आगीचा संबंध काय, हा प्रश्न त्या चार ओळींनी मिटवला.

जाईबाई पोराला घेऊन ठाण्यात आली. पोरगा मान खाली घालून उभा. जाईबाई काउंटरवरच्या कलावतीबाईंच्या पाया पडायला वाकली, तशा त्या खुर्चीवरून अशा उठल्या की टेबलावरची शाई सांडली.

"असलं काही करायचं नाही. त्याचे पन्नास-पंचावन्न दिवस आत गेलेत त्यात माझा पण हात आहे, कळलं का? कपडा मी वाळवलेला."

जाईबाईला ते कळलं नाही आणि तिला कळून घ्यायचंही नव्हतं. "तुम्ही सांगितलंत तर खरं," एवढंच म्हणाली. कलावतीबाई सुशांतकडं वळल्या. "आणि तू. पुढच्या वेळी हवा काढली तर हवा भर आणि गप घरी जा."

"हो मॅडम."

"आणि दोडका खा."

पोरगं आईकडं बघायला लागलं.

चौकशी पाच महिने चालली. काउंटरवर बाईंनी हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारी इतक्या सुवाच्य लिहिल्या की लोक म्हणायचे, मोबाइल नाही मिळाला तरी कागद मिळाला. तेवढ्या दिवसांत त्यांनी भिवाकडून ते इंग्रजी परिपत्रक समजून घेतलं. भिवाला तरी कुठं येत होतं, पण डब्यांची आणि वाफेची गोष्ट असल्यानं त्याला अंदाज होता. उरलेले शब्द प्रफुल्ल सरांना फोन करून विचारले. मग मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पुठ्ठ्यावर लिहून मुद्देमाल खोलीच्या दारावर बाहेरच्या बाजूनं लावलं. रक्ताचं वेगळं, जळिताचं वेगळं. खाली स्वतःचं नाव घातलं नाही, पण ती चूक घातली. 'चिंधी वाळवल्यास द्रव उडतो. या ठाण्यात असे झाले आहे.' कोणी म्हणालं, बाई, शेवटचं वाक्य काढा, ठाण्याची शोभा होते. त्या म्हणाल्या, तेवढंच वाक्य लोक वाचतील.

चौकशीत ताकीद मिळाली. कागदावर शेरा पडला. बत्तीस वर्षांतला पहिला. तो कागद त्यांनी घरी बाकीच्या कागदांबरोबरच ठेवला, खाली दडपून नाही. आणि निवृत्तीला अकरा दिवस असताना भोईरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि किल्ली पुढं सरकवली. गेल्या पाच महिन्यांत त्या खोलीत तीन वेगवेगळ्या माणसांनी मांडणी केली होती. कलावतीबाईंना ती लावायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत ठाण्यातला कोणी तिकडं फिरकला नाही.

शेवटच्या दिवशी चार वाजता निरोपाचा कार्यक्रम होता. सकाळी हार आले, पेढे आले, कोणीतरी पडदा धुऊन लावला. आणि दहा वाजता एक बंडी पाठवायची निघाली. दोन भावांच्या मारामारीतली, खांद्यावर रक्त. भोईरसाहेब म्हणाले, "आज राहू द्या हो. उद्या दुसरं कोणी नेईल."

"वाळलीय साहेब," कलावतीबाई म्हणाल्या. "तयार आहे तर कशाला ठेवायची?"

त्यांनी घडीत कागद घातला, कागदावर कागद, मग कापड. टाका घातला. लाख वितळवली, सील उठवलं, गार होईपर्यंत फुंकर न घालता बसून राहिल्या. पत्रावरचा गुन्हा नंबर पुडक्यावरच्या नंबराशी दोनदा पडताळला. पुडकं घेऊन निघाल्या. कळवा आलं, गेलं. प्रयोगशाळेत आज त्यांच्यापुढं सात जण होते. बाकावर बसल्या, पुडकं मांडीवर, दोन्ही हात त्यावर.

खिडकीवरचा माणूस नवा होता. त्यानं सील बघितलं, टाका बघितला, शिक्का मारला.

"मावशी, पुढच्या वेळी सीलचा नमुना दोन प्रतींत आणा. नियम बदललाय."

"एक जुलैपासून ना?"

"हो."

"सांगते ठाण्यात."

त्यांनी पावती वाचली, तारीख बघितली, घडी करून ब्लाउजच्या आतल्या पाकिटात ठेवली. परत आल्या तेव्हा साडेतीन झाले होते आणि हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. त्या आधी खोलीत गेल्या. रजिस्टर उघडलं, पावतीचा नंबर चढवला, शेरा या रकान्यात लिहिलं, 'सीलचा नमुना यापुढे दोन प्रती', आणि शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं.